शेवटच्या काळाचा भिंतीवरचा तक्ता: घ्यावा का, आणि घेतलाच तर कसा वापरावा

नागपुरात तीन दिवसांची उपास-प्रार्थना असो की उन्हाळ्याच्या सुट्टीतलं युवा शिबिर, बाहेर पुस्तकांच्या टेबलावर एक लांब गुंडाळी हमखास असते: जगाच्या शेवटाबद्दलच्या बायबलमधल्या भविष्यवाण्यांचा तक्ता. उलगडली की सहा फूट लांब, तीन फूट उंच फ्लेक्स. डाव्या टोकाला दानीएलाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातला, चार राज्यांचा पुतळा, उजव्या टोकाला अग्निसरोवर आणि नवं यरुशलेम. मधल्या जागेत बाण, कंस, श्वापदं आणि ‘महासंकट’ लिहिलेली सात वर्षांची लाल पट्टी. सोबत चाळीस पानी पुस्तिका. फ्लेक्सचा तक्ता ६५० रुपयांना, कापडावर छापलेला ११०० ला. संडेस्कूलच्या बाई, युवा संघाचे पुढारी, घरोघरी अभ्यासवर्ग घेणारे पाळक हे याचे मुख्य गिऱ्हाईक. छापणाऱ्याचं नाव इथे देत नाही. असे तक्ते अनेक ठिकाणांहून निघतात, चित्रं थोड्याफार फरकाने तीच असतात, आणि खाली जे लिहिलं आहे ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल.

मत आधीच सांगतो. डावा अर्धा भाग शिकवायला खरोखर चांगला आहे. मधला भाग पवित्र शास्त्र उघडं ठेवूनच वापरावा. उजवीकडचे दोन चौकोन झाकून टाकावेत. आणि तळाशी ‘खोटे शिक्षण’ म्हणून जी दोन इंची पट्टी दिली आहे ती पुन्हा नव्याने लिहून चिकटवावी, कारण या तक्त्यातली सगळ्यात गंभीर चूक तिथे आहे.

वस्तू म्हणून आधी पाहू. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली फ्लेक्स फार दिवस नीट राहत नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की प्लास्टिकचा थर मऊ पडतो, वरच्या कड्यांवर सगळं वजन येतं आणि तक्ता मधोमध झोळ खातो. विकताना पिशवीत बसावा म्हणून चार घड्या घालून देतात. ते नको म्हणून सांगा, कारण घडीवर शाई तडकते आणि मधली घडी बरोबर सत्तर सप्तकांच्या (एक सप्तक म्हणजे सात वर्षं धरतात) आकड्यांवरून जाते. छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि चार इंची पीव्हीसी पाइपात उभा ठेवा. वर फक्त दोन कोपऱ्यांना कड्या आहेत, मध्ये आणखी दोन मारून घ्या. खालच्या काठाला लाकडी पट्टी शिवली की कूलरच्या झोतात तक्ता फडफडत नाही. जमत असेल तर कापडाचाच घ्या. ट्यूबलाइटखाली फ्लेक्स चकाकतो, कापड चकाकत नाही, आणि धूळ बसली तर धुताही येतं.

अक्षरांचा आकार ही मोठी अडचण आहे. दहा फुटांवरून सहज वाचता यायला साधारण एक इंच उंचीचं अक्षर लागतं. इथे राज्यांची नावं अर्ध्या इंचाची आहेत आणि वचनांचे संदर्भ त्याच्याही निम्म्याने. म्हणजे मागच्या रांगेला दिसतं ते चित्र. अध्याय आणि वचन फक्त सतरंजीवर पुढे बसलेल्या चार मुलांना दिसतं. ही नुसती छपाईची बाब नाही. चित्र हा कुणीतरी लावलेला अर्थ आहे, संदर्भ हे मूळ वचन आहे, आणि वर्गातल्या बहुतेकांच्या हाती फक्त अर्थ पडतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक चौकोनाचे संदर्भ फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि वाचून झाल्याशिवाय चित्राकडे वळू नका.

फॉन्टच्या चुकाही आहेत. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार सरकले आहेत. ‘पर्गम’चं ‘पगर्म’ झालं आहे, ‘सार्दीस’चं ‘सादीर्स’. मुलं जसं छापलंय तसं पाठ करतात, म्हणून आधीच कायम शाईच्या पेनने दुरुस्त करून घ्या.

आता चौकोन. पुतळ्याचं चित्र स्वच्छ आहे. सोन्याचं मस्तक, रुप्याची छाती आणि हात, पितळेचं पोट आणि मांड्या, लोखंडाचे पाय, आणि पावलं काही लोखंडाची काही मातीची. हात न लावता सुटलेला दगड पावलांवर आदळतो, हेही बरोबर दाखवलं आहे. शिकवणाऱ्याने इथे एक फरक स्पष्ट करावा. दुसऱ्या अध्यायात नाव घेऊन ओळख पटवली आहे ती फक्त मस्तकाची, म्हणजे नबुखद्नेस्सराची (२:३८). मेदी-पारसी आणि ग्रीस ही नावं येतात ती आठव्या अध्यायात, एडका आणि बकरा यांच्या दृष्टांतात (८:२०-२१). रोमचं नाव दानीएलाच्या पुस्तकात या राज्यांसाठी कुठेच दिलेलं नाही. चौथं राज्य रोम हा अर्थ फार जुना आणि वजनदार आहे, पण तो अर्थ आहे. काही अभ्यासक मेदी आणि पारसी ही दोन वेगळी राज्यं धरून चौथं ग्रीस मानतात. तक्त्यावर चारही नावं एकाच ठळक अक्षरात छापल्यामुळे वचनात लिहिलेलं कोणतं आणि लावलेलं कोणतं, हे कळायला मार्ग राहत नाही.

पावलांपाशी तर तक्ता घसरतोच. दहा बोटं काढून प्रत्येक बोटावर युरोपातल्या एकेका देशाचा झेंडा दिला आहे. दानीएल २:४१-४२ मध्ये पावलांच्या बोटांचा उल्लेख आहे, ‘दहा’ हा आकडा मात्र नाही. दहा हा आकडा सातव्या अध्यायातल्या शिंगांवरून उचलला आहे (७:२४). या झेंड्यांमागे एक इतिहास आहे. १९८१ साली ग्रीस युरोपीय आर्थिक समुदायात आला आणि सदस्यसंख्या दहा झाली. तेव्हा भविष्यवाणी शिकवणाऱ्या अनेकांनी ‘दहा बोटं पूर्ण झाली’ असं जाहीर केलं. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले, आकडा बारा झाला. आज युरोपीय संघात २७ देश आहेत. झेंडे तक्त्यावर तसेच राहिले. वर्तमानपत्रातली बातमी भविष्यवाणीला चिकटवली की काय होतं ते शिकवायला याहून सरळ उदाहरण नाही, म्हणून हे झेंडे खोडू नका. मुलांना दाखवा आणि ही दोन सालं शेजारी लिहून ठेवा.

पुढचा चौकोन सत्तर सप्तकांचा, दानीएल ९:२४-२७. तक्त्यातला सगळ्यात दाट भाग हाच, आणि वर्ग गोंधळतो तोही इथेच. ख्रिस्तापर्यंतचा हिशोब असा मांडला आहे: सात सप्तकं अधिक बासष्ट सप्तकं म्हणजे एकोणसत्तर, गुणिले सात म्हणजे ४८३ वर्षं. सुरुवात पारसी राजा अर्तहशश्त याच्या विसाव्या वर्षापासून (नहेम्या २:१), म्हणजे इ.स.पू. ४४५. तिथून साधी ४८३ वर्षं मोजली तर आपण इ.स. ३९ पर्यंत जातो आणि येशूच्या वधस्तंभाचा काळ मागे पडतो. म्हणून तक्ता ३६० दिवसांचं ‘भविष्यवाणीचं वर्ष’ घेतो: ४८३ गुणिले ३६० म्हणजे १,७३,८८० दिवस, म्हणजे आपली सुमारे ४७६ वर्षं, आणि शेवट इ.स. ३२. गुणाकार बरोबर आहे. पण दानीएलाच्या नवव्या अध्यायात ३६० दिवसांचं वर्ष सांगितलेलं नाही. ते बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, म्हणजे प्रकटीकरणातल्या, १२६० दिवस आणि बेचाळीस महिने या आकड्यांवरून आणलं आहे. दुसरी मोजणी अर्तहशश्ताच्या सातव्या वर्षापासून, एज्रा ७ वरून, म्हणजे इ.स.पू. ४५७ पासून होते. ती साध्या वर्षांनी इ.स. २७ ला येते आणि येशूच्या सेवेच्या आरंभाशी जोडली जाते. तिसऱ्या वाचनात हा सारा भाग सिरियाचा ग्रीक राजा अंतियोख एपिफानेसच्या काळाशी जोडतात, ज्याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं आणि १६४ मध्ये त्याची पुन्हा शुद्धी झाली. तक्त्यावर यातली एकच मोजणी आहे, तीही ‘सिद्ध’ असा शिक्का मारून.

शिकवताना हमखास होणारी चूक शून्य वर्षाची. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य नाही. ४८३ मधून ४५७ वजा केले की २६ येतात, पण खरं उत्तर २७. ही एका वर्षाची चूक किरकोळ वाटते, पण तिने माणसांची आयुष्यं हलवली आहेत.

ती गोष्ट तक्त्यांचीच आहे. अमेरिकेत विल्यम मिलर या बाप्तिस्त उपदेशकाने दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस वर्षं धरून इ.स.पू. ४५७ पासून मोजले आणि येशूच्या पुनरागमनाचं १८४३ साल काढलं. १८४२ मध्ये चार्ल्स फिच आणि अपोलोस हेल यांनी त्याचा मोठा तक्ता तयार केला: पुतळा, श्वापदं, आकड्यांची उभी बेरीज आणि तळाशी १८४३. बॉस्टनमधल्या परिषदेने त्याच्या ३०० प्रती छापायला सांगितल्या आणि त्या घेऊन उपदेशक गावोगाव फिरले. १८४३ गेलं. मग शून्य वर्षाची चूक लक्षात आली, साल १८४४ झालं, आणि शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरला. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही, कारण ते खायला आपण इथे नसणार अशी त्यांची खात्री होती. २३ ऑक्टोबर उजाडला. आपल्या टेबलावरचा तक्ता दिसायला त्याच घराण्यातला आहे. अर्थात त्याचा सात वर्षांचा आराखडा मिलरचा नाही, तो १८३० च्या दशकातल्या जॉन नेल्सन डार्बी या अँग्लो-आयरिश उपदेशकाच्या शिकवणीतून आला आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्डच्या टिपांच्या बायबलमधून जगभर पसरला. एकोणसत्तराव्या आणि सत्तराव्या सप्तकांमध्ये जी पिवळी मोकळी जागा ‘मंडळीचा (म्हणजे चर्चचा) काळ’ म्हणून रंगवली आहे, ती त्याच आराखड्यातली. दानीएलाच्या वचनात तशी खिंड उघडपणे सांगितलेली नाही. मंडळी आधी गुपचूप उचलली जाईल, मग सात वर्षं महासंकट, मग प्रकट आगमन, हा क्रम मानणारे प्रामाणिक विश्वासणारे पुष्कळ आहेत आणि न मानणारेही पुष्कळ. १ थेस्सलनी ४:१६-१७ मध्ये उचलून घेतलं जाणं स्पष्ट आहे, महासंकटाच्या आधी की नंतर ते तिथे लिहिलेलं नाही. वर्गात एवढं नीट सांगितलं तरी पुष्कळ आहे.

सात मंडळ्यांचा चौकोन थोडक्यात: इफिस ते लावदिकीया म्हणजे मंडळीच्या इतिहासाचे सात कालखंड, असं छापलं आहे. प्रकटीकरण १:११ मध्ये ती आशियातल्या सात नगरांमधल्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं आहेत. कालखंडांचं कोष्टक सोडा आणि पत्रं वाचा. इफिसाने प्रेषित म्हणवणाऱ्यांची परीक्षा करून त्यांना लबाड ठरवलं (२:२). पर्गमात बलामाचं आणि निकलाइतांचं शिक्षण धरून बसलेले लोक होते (२:१४-१५). थुवतीरात ईजबेल स्वतःला संदेष्ट्री म्हणवत शिकवत होती आणि मंडळी तिला चालू देत होती (२:२०). सातपैकी तीन पत्रांत खोट्या शिक्षणाचा प्रश्न थेट आहे आणि तक्त्यावर त्यातला एक शब्दही नाही. इथून पुढे तक्ता कमी पडत जातो.

आता श्वापदाचा चौकोन, उजवीकडून दुसरा. समुद्रातून वर आलेलं आणि भूमीतून वर आलेलं अशी दोन श्वापदं बरोबर काढली आहेत. दुसऱ्या श्वापदालाच पुढे ‘खोटा संदेष्टा’ म्हटलं आहे (प्रकटीकरण १६:१३, १९:२०, २०:१०), हे मात्र सांगितलेलं नाही, आणि खोट्या शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचं नेमकं तेच होतं. त्याऐवजी खाली श्वापदाची खूण म्हणून बारकोड, आधार कार्ड आणि लसीची सिरिंज अशी तीन चित्रं आहेत आणि वर श्वापदाचा आकडा ६६६ (१३:१८).

बारकोडची गोष्ट अशी सांगतात की दोन्ही टोकांच्या आणि मधल्या बारीक जोडरेघा म्हणजे तीन सहा. बारकोडमध्ये प्रत्येक अंकाला सात घरांची रुंदी लागते. टोकाच्या रेघांना तीन घरं आहेत आणि मधल्यांना पाच. त्या अंक नाहीत, वाचणाऱ्या यंत्राला सुरुवात, मध्य आणि शेवट कळावा म्हणून दिलेल्या खुणा आहेत. उजव्या बाजूचा सहा दोन बारीक रेघांनी सुरू होतो, म्हणून दिसायला सारखेपणा येतो, एवढंच. आधारची सुरुवात सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून झाली. तो बारा अंकी क्रमांक आहे. त्यात बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद घेतात, प्रकटीकरणातल्या खुणेसारखं कपाळावर किंवा उजव्या हातावर काही उमटवत नाहीत. लसीने कुणाची उपासना करायला लावलेली नाही. आणि प्रकटीकरणात मुद्दा उपासनेचाच आहे: १३:१५ पासून १४:११ पर्यंत सलग वाचा. खूण घेणं आणि श्वापदाला नमन करणं तिथे एकत्र येतात, आणि लगेच १४:१ मध्ये कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव आहे. माणूस कुणाचा आहे, हा तिथला प्रश्न आहे. ही चित्रं पाहून एखाद्या आजीने लस नाकारली किंवा पेन्शनचे कागद अडवून धरले तर ते नुकसान शिकवणाऱ्याच्या पदरात पडतं. म्हणून हा चौकोन झाका.

संख्येबद्दल शिकवायचंच असेल तर हे शिकवा. हिब्रू अक्षरांना आकडे असतात. ‘नेरोन कैसर’ हिब्रूत लिहिलं की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. शेवटचा नून गाळून ‘नेरो’ लिहिलं की ६१६, आणि इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या, प्रकटीकरणाच्या पपायरसच्या एका तुकड्यात खरोखर ६१६ हाच आकडा आहे. दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या बिशपला हा दुसरा पाठ माहीत होता. त्याने ६६६ च बरोबर मानला, दोन-तीन नावं जुळवूनही पाहिली, आणि मग नाव ठरवून मोकळं होण्यापेक्षा भविष्यवाणी पूर्ण होण्याची वाट पाहणं अधिक सुरक्षित, असं सांगितलं. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या पिढीपासून इतक्या जवळचा माणूस एवढा संयम ठेवतो, हे तक्त्यावर छापायला हवं होतं.

त्याच चौकोनात लाल झग्यातला, मुकुट घातलेला एक पुरुष आहे, खाली ‘ख्रिस्तविरोधक: दानीएल, प्रकटीकरण’. हा संदर्भ चुकीचा आहे. ख्रिस्तविरोधक हा शब्द ना दानीएलात आहे ना प्रकटीकरणात. तो योहानाच्या पत्रांत चारच वचनांत येतो: १ योहान २:१८, २:२२, ४:३ आणि २ योहान ७. तिथे योहान म्हणतो की असे अनेक आताच उठले आहेत आणि ते आपल्यातूनच निघाले (२:१९). २ थेस्सलनी २ मधला अनीतिमान पुरुष आणि प्रकटीकरणातलं श्वापद यांच्याशी तो जोडणं ही जुनी परंपरा आहे, पण शब्द जिथे आहे तिथे त्याचा अर्थ मंडळीत बसून येशू देह धारण करून आला हे नाकारणारा शिक्षक असा आहे. लाल झग्याच्या राजाची वाट पाहणारी मुलं शेजारच्या खुर्चीवरून गोड बोलणाऱ्याला ओळखणार नाहीत.

आणि आता तळाची पट्टी. सहा फुटी तक्त्यात खोट्या शिक्षणाला दोन इंच जागा, आणि त्या दोन इंचांत काय, तर इतर मंडळ्यांची नावं. ‘बाबेल’ (प्रकटीकरणातली भ्रष्ट नगरी) या शब्दाखाली एकत्र आलेल्या मंडळ्यांकडे बाण काढला आहे. हा तक्ता नागपुरात विकला जातो, त्या शहरात, जिथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना केली. एकाच गल्लीत, एकाच घरातल्या नात्यांत, कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट आणि पेंटेकॉस्टल लोक आहेत. मुलीने घरी जाऊन आत्याला ‘तुमची मंडळी बाबेल आहे’ म्हणावं यासाठी संडेस्कूल नाही. आणि शास्त्रही खोट्या शिक्षकाची खूण मंडळीच्या पाटीवरून सांगत नाही.

शास्त्र या इशाऱ्याला किती जागा देतं ते पाहा. शिष्यांनी जैतुनाच्या डोंगरावर विचारलं की या गोष्टी केव्हा होतील, तेव्हा येशूच्या उत्तराचं पहिलं वाक्य तारखेबद्दल नाही: तुम्हाला कुणी फसवू नये म्हणून जपा (मत्तय २४:४). मग ११ व्या वचनात पुन्हा, २३ ते २६ मध्ये पुन्हा, आणि ३६ मध्ये तो दिवस आणि ती घटका कुणाला ठाऊक नाही. लूक २१:८ मध्ये तर ‘वेळ जवळ आली आहे’ असं सांगत येणाऱ्यांच्याच नादी लागू नका असं लिहिलं आहे. लढाया, दुष्काळ, भूमिकंप यांना तक्त्यावर सोळा चित्रं आहेत. पहिल्या वाक्याला एकही नाही.

म्हणून पट्टी अशी बनवा. सहा फूट लांब, सहा इंच रुंद पांढरं कापड घ्या, जुन्या पट्टीवर शिवा किंवा दुहेरी टेपने लावा, आणि एक इंची अक्षरात पुढचे प्रश्न लिहा. संदेष्टा म्हणाला ते घडलं का? अनुवाद १८:२२. घडलं तरी तो लोकांना कुणाकडे नेतो? अनुवाद १३:१-३, कारण तिथे चिन्ह खरं ठरूनही संदेष्टा खोटा असू शकतो. येशू ख्रिस्त देहाने आला हे तो मानतो का? १ योहान ४:२. सांगितलेल्या सुवार्तेत भर घालतो का? गलती १:८. त्याच्या जगण्याचं फळ काय? मत्तय ७:१६. पैसा कुणाकडून कुणाकडे जातो? मीखा ३:११ आणि २ पेत्र २:३. शेवटी, तो स्वतःला तपासू देतो का? बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात शोधून पाहिलं आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांची थोरवी सांगतो (प्रेषितांची कृत्ये १७:११).

यातला पहिला प्रश्न एकटा वापरू नका. यिर्मया २८ वाचून दाखवा. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या चौथ्या वर्षी पाचव्या महिन्यात हनन्या हा संदेष्टा मंदिरात उभा राहिला आणि म्हणाला, बाबेलच्या राजाने नेलेली मंदिराची सगळी भांडी दोन वर्षांत परत येतील. यिर्मया सत्तर वर्षं सांगत होता. दोन वर्षं कुणाला नको असतात? यिर्मया ‘आमेन, तसं होवो’ म्हणाला, कारण त्यालाही तेच हवं होतं. सातव्या महिन्यात हनन्या वारला. पण त्या दोन महिन्यांत मंदिरात उभं राहून ऐकणाऱ्याला परिणाम दिसणार नव्हता, त्याला संदेशच तपासायचा होता. तक्त्यापेक्षा हा एक अध्याय जास्त शिकवतो.

पैशाच्या प्रश्नाबद्दल पहिल्या मंडळ्या किती रोखठोक होत्या ते ‘दिदाखे’ या प्राचीन सूचनांच्या पोथीत दिसतं. फिरता प्रेषित आला तर एक दिवस ठेवा, गरज असेल तर दुसरा. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ‘विश्वासाचं बी पेरा, शंभरपट पावा’ म्हणून रक्कम पाठवायची चौकट आहे. ते पान वाटण्याआधी काढून घ्या.

उजवीकडचा शेवटचा चौकोन झाकायचा तो तारखेमुळे. ‘ही पिढी’ (मत्तय २४:३४) म्हणून इस्राएल राष्ट्र झालं त्या १९४८ पासून वर्षं मोजून एक साल कंसात दिलं आहे, आणि मागच्या आवृत्तीवरचं साल वेगळं होतं. आकडा बदलून तक्ता विकत राहणं म्हणजे अनुवाद १८ ला पाठ दाखवणं. अमेरिकेतल्या रेडिओ उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंगने न्यायाचा दिवस म्हणून २१ मे २०११ ही तारीख दिली, ती गेल्यावर २१ ऑक्टोबर २०११. तीही गेली. २०१२ मध्ये त्याने पत्र लिहून तारीख सांगणं हे पाप होतं असं कबूल केलं. तारीख देणाऱ्यांकडून कबुली क्वचितच येते, त्यामुळे वर्गात ती सांगायला हरकत नाही.

घ्यायचा असेल तर कापडाचा, घडी न घातलेला, आणि पुस्तिकेशिवाय मिळत असेल तर त्याहून बरं. सहा तासांचा वर्ग धरा. पहिले दोन तास मत्तय २४ आणि नवी पट्टी. तिसरा पुतळा, चौथा सत्तर सप्तकं तिन्ही मोजण्यांसह, पाचवा सात पत्रं, सहावा प्रकटीकरण १३ आणि १४ सलग वाचन. वर्गात कुणी ‘मग नेमकं केव्हा?’ विचारणारच, तेव्हा मत्तय २४ मधलं ३६ वं वचन त्यालाच मोठ्याने वाचायला द्या. पहिल्या दिवशी तक्ता पूर्ण उलगडू नका. वरचा भाग गुंडाळून दोरीने बांधा आणि फक्त खालची पट्टी दिसू द्या.